भीमेचे माळ, कृष्णेचा किनारा

महाराष्ट्र शासनाने २७ सप्टेंबर १९७९ रोजी माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केले, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत पसरलेले हे अभयारण्य अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा मोठे होते. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या बाजूची आणि कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या बाजूची गावेच्या गावे त्यात आली. बाजारपेठा आल्या, रस्ते आले, विहिरी आल्या आणि पिढ्यानपिढ्या कसलेली शेतेही आली. वनखात्याच्या ताब्यातली जमीन मात्र त्यात विखुरलेल्या तुकड्यांचीच होती. उरलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर शेतकऱ्यांची नावे होती, नाहीतर ती गायरान होती. जंगलातल्या प्राण्यांसाठी अभयारण्य करताना जंगलाभोवती रेघ ओढता येते. माळावरच्या पक्ष्यासाठी अशी रेघ ओढायची तर ती माणसांच्या वस्तीतूनच जाते. सोलापूरच्या संवर्धनाची सारी गुंतागुंत इथून सुरू होते.

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही सरळ पडत नाही. जून-जुलैचे ढग बहुतेकदा वरून निघून जातात. भिस्त असते ती सप्टेंबरातल्या परतीच्या पावसावर. म्हणून हा जिल्हा परंपरेने रब्बीचा. काळ्या खोल जमिनीत ओल धरून ठेवायची आणि त्या ओलीवर ज्वारी काढायची, ही इथली रीत. देशभर पसरलेला मालदांडी ज्वारीचा ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. काळी जमीन सखल भागात, ओढ्या-नाल्यांच्या काठाने. उंचवट्यावर मुरमाड, बरड जमीन. तिथे नांगर चालत नाही, चालला तरी पीक हाती लागत नाही. या बरडावर गवत उगवते. कुसळी, मारवेल, पवना अशी गवते पावसाच्या पहिल्या दोन-तीन सरींवर हिरवी होतात, दसऱ्यापर्यंत कमरेला लागतात आणि संक्रांतीनंतर पिवळी पडून उन्हाळाभर नुसती उभी राहतात.

महसुली दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात. देशाचे पडीक जमिनींचे नकाशे तयार झाले तेव्हा झुडपी आणि गवताळ जमिनीचा मोठा भाग याच सदरात गेला. पडीक म्हटले की ती वापरात आणायला हवी, असे आपोआप ठरते. मग कोणी तिथे झाडे लावतो, कोणी औद्योगिक वसाहत आणतो, कोणी सौरपट्ट्या उभ्या करतो. गवताळ माळ हीसुद्धा स्वतंत्र परिसंस्था आहे, तिची मुळे जमिनीत खोलवर कार्बन साठवतात, ती पावसाचा मार झेलते आणि माती धरून ठेवते, हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आहे. तलाठ्याच्या दप्तरात नाही.

सोलापूर–बार्शी रस्त्यावर शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. या गावाच्या माळाचे नाव पक्षिअभ्यासकांच्या तोंडी आले ते १९७०च्या दशकात. १९७२च्या दुष्काळानंतर केंद्र सरकारने अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम सुरू केला. त्यातून वनखात्याने नान्नजच्या बरडावर चर खोदून काही तुकडे चराईपासून राखले आणि तिथे गवत वाढू दिले. उद्देश चाऱ्याचा आणि मृदसंधारणाचा होता. पण या राखलेल्या गवतात माळढोक येऊ लागले, अंडी घालू लागले. सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्यांकडे लक्ष वेधले. पुढे १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली देशातील माळढोकांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याच्या मोजक्या ठिकाणांत नान्नज होते. थोडक्यात, दुष्काळ निवारणाच्या कामातून पक्ष्याचे घर तयार झाले. ते ठरवून झाले नाही, हे खरे; पण शेती, चारा आणि वन्यजीव यांचा एकाच जमिनीवर मेळ बसू शकतो याचा हा सोलापुरातला पहिला पुरावा.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते, उंची साधारण मीटरभर. एवढा मोठा पक्षी घरटे मात्र बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे ते उबवते. कोल्हा, घोरपड, मुंगूस, भटके कुत्रे, गुरांचे खूर, यांतले काहीही त्या अंड्यावर येऊ शकते. म्हणून त्याला मोठा, मोकळा आणि शांत माळ लागतो. पण नुसत्या माळावर त्याचे भागत नाही. नाकतोडे, भुंगेरे, सरडे यांच्याबरोबर तो भुईमूग, हरभरा आणि बोरेही खातो. दिवसाचा बराच वेळ जिरायती शेतांत काढतो. हुलगा, मटकी, भुईमूग, तूर, पुढे रब्बीची ज्वारी आणि मधेमधे पडी टाकलेली रानं, असे ठिगळा-ठिगळांचे शिवार त्याला मानवत होते. शेतकऱ्याने काही वेगळे करावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. जे चालले होते तेच चालू राहिले असते तरी पुरले असते.

ते चालू राहिले नाही. भीमेवर उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले. ११७ टीएमसी साठवणुकीचे हे धरण आणि त्याचे डावे-उजवे कालवे यांनी माढा, मोहोळ, पंढरपूर या तालुक्यांचे रूप पालटले. जिरायत बागायत झाली, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला आणि सोलापूर हा राज्यातला सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक झाला. जिथे कालवा पोचला नाही तिथे विंधनविहिरींवर डाळिंब आणि द्राक्षे आली. सांगोल्याच्या माळावर डाळिंबाने जी संपत्ती आणली ती नाकारण्यात अर्थ नाही. पिढ्यानपिढ्या खडी फोडायला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना त्याने उभे केले. पण उसाचे रान माळढोकाच्या दृष्टीने भिंतीसारखे असते आणि द्राक्षबागेच्या तारांच्या मांडवात त्याला उतरता येत नाही. दोन गवताळ तुकड्यांमधला जिरायतीचा दुवा तुटला की वनखात्याने राखलेला तुकडा बेटासारखा होतो.

याच काळात अभयारण्याच्या विरोधातली नाराजीही वाढत गेली. शेतजमीन अभयारण्यात असल्याने जमिनीच्या व्यवहारांवर, बांधकामांवर, रस्ते आणि उद्योगांवर निर्बंध आले. ज्या पक्ष्याचे वर्षानुवर्षे दर्शनही नाही त्याच्यापायी मुलीच्या लग्नाला जमीन विकता येत नाही, ही तक्रार गावोगावी होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने, अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोपर्यंत पक्षी जवळजवळ संपले होते. नान्नजला अलीकडच्या वर्षांत दिसलाच तर एखादा माळढोक दिसतो. मूळ अधिसूचनेचा दोष तिच्या आकारात नव्हता. माळढोकाला खरोखरच तेवढी जागा लागते. दोष असा की ८,४९६ चौरस किलोमीटरच्या मालकांशी कोणताही करार झाला नव्हता. बंधने कागदावर आली. त्या बदल्यात जिरायती पीक टिकवणाऱ्याला, पड राखणाऱ्याला, अंडे असलेल्या रानात नांगर न घालणाऱ्याला काय मिळणार, याचे उत्तर कोणी ठरवले नव्हते.

शेजारीच उलटे उदाहरण आहे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८०मध्ये झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. तिथे काळविटांची संख्या वाढली, काही डझनांवरून काही शेकड्यांत गेली. कळप अभयारण्यात मावेनासे झाले आणि भोवतालच्या ज्वारी-हरभऱ्यात चरू लागले. म्हणजे लहान अभयारण्य यशस्वी झाले तरी त्याचा भार हद्दीबाहेरच्या शेतकऱ्यावरच पडतो. त्याला पीकनुकसानीची भरपाई मिळते, पण पंचनामा, अर्ज, खात्यात पैसे येईपर्यंतची वाट पाहणे हे सारे त्याचेच. प्रदेशपातळीवरच्या भागीदारीचा प्रश्न मोठ्या अभयारण्यापुरता नाही.

माळाचा आणखी एक हक्कदार आहे आणि त्याचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नसते. धनगर मेंढपाळांचे कळप या माळांवर शतकानुशतके चरत आले आहेत. पश्चिमेकडच्या बारामती, इंदापूर, फलटण भागातले हटकर धनगर दिवाळीनंतर दख्खनी मेंढ्या घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. या व्यवहाराला कुठलाही शासकीय आधार नाही, तरी तो टिकून आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ ज्याला भूदृश्यपातळीवरचा सहकार म्हणतात त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत जुने चालू रूप बहुधा हेच असावे, आणि त्यात किनारा व पठार दोन्ही एका वाटेने जोडलेले आहेत.

मेंढीमागोमाग लांडगा येतो. नान्नजचा माळ भारतीय लांडग्यासाठीही ओळखला जातो. खोकड, तरस, काळवीट, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या, गवतात दडणारे धाविक आणि पखुर्ड्या हेही इथले. लांडगा मेंढी उचलतो, हे मेंढपाळाला ठाऊक असते. कळपाचा काही वाटा त्याचा, असे मानणारे वयस्कर धनगर अजून भेटतात. पण ही सहनशीलता चराईच्या वाटा मोकळ्या आहेत तोवरच. वनतुकड्यांना चर आणि कुंपण, गायरानावर अतिक्रमण, रस्त्याकडेला बागायत, अशा कोंडीत कळप सापडला की एक मेंढी गेल्याचा राग वाढतो आणि विष घालण्याचा मोह होतो. वनखात्याने नान्नजला कळप आत येऊ दिले नाहीत म्हणून गवत वाचले, हेही खरे आहे. मात्र गवत कधीच चरले गेले नाही तर ते दाट, राठ होते आणि माळढोकाला त्यात वावरणे अवघड जाते. कुठे, कोणत्या महिन्यात, किती मेंढ्या, हे मेंढपाळ आणि वनरक्षक यांनी मिळून ठरवले तर दोघांचाही फायदा आहे. चराईबंदी किंवा मुक्त चराई, एवढे दोनच पर्याय असल्यासारखे धोरण मात्र दीर्घकाळ चालले. त्यात भर म्हणून गवताच्या तुकड्यांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. वृक्षलागवड हे पुण्यकर्म मानले जात असल्याने माळावर झाड लावणे चूक असू शकते, हे अधिकाऱ्यांच्याही गळी उतरायला वेळ लागला.

कायद्यात मध्यम मार्ग उपलब्ध आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने दोन नवे प्रकार आले: संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव. पहिला सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून. दुसरा खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर, मालक स्वतःहून तयार असतील तर. दोन्हींत व्यवस्थापन समितीवर ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात आणि मालकी हलत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी असे संवर्धन राखीव झाले. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिरसुफळ येथे वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे; तिथे गावातलेच तरुण वाटाड्ये म्हणून काम करतात आणि लांडगा दाखवून पैसे मिळवतात. लांडगा जिवंत असण्याला गावात प्रथमच भाव आला. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेपासून हे अंतर काही फार नाही. तरीही सोलापूर आणि पुणे यांचे माळ एकाच आराखड्यात कधी आलेले नाहीत. जिल्हा बदलला की वनविभाग बदलतो, निधीचे शीर्षक बदलते आणि लांडगा दुसऱ्याच्या कक्षेत जातो.

हवामानबदलाशी लढण्याचे उपायही या माळावर येऊन आदळतात, हे आणखी कठीण. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. देशाच्या ऊर्जाइतिहासातला हा महत्त्वाचा दिवस. उच्चदाबाच्या तारा माळढोकाला मात्र दिसत नाहीत. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची दृष्टी अरुंद असते आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमध्ये या पक्ष्याच्या मृत्यूंचे मोठे कारण तारांशी टक्कर हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी त्या दोन राज्यांत तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो शिथिल करून तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१मध्ये आहे, असे न्यायालयाने म्हटले. स्वच्छ वीज आणि दुर्मिळ पक्षी अशा दोन न्याय्य गोष्टी एकाच जमिनीवर समोरासमोर आल्या की काय होते, याचा हा खटला नमुना आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी सौर प्रकल्पांना भाडेपट्ट्याने दिल्या जातात. शेतीपंपाला दिवसा वीज मिळते, ही शेतकऱ्याची जुनी मागणी. जमीन निवडताना गवताळ माळ आणि खरोखरची उजाड जमीन यांत फरक केला, तर दोन्ही साधता येईल. त्यासाठी वनखाते, महसूल आणि वीज कंपनी यांनी जागा ठरण्याआधी एकत्र बसावे लागते.

माळढोकाची शेवटची मोठी वस्ती आता जैसलमेरच्या वाळवंटात आहे आणि जगभरातली एकूण संख्या दीडशेच्या आसपास धरली जाते. तिथे २०१९पासून बंदिस्त प्रजनन चालू आहे. भारतीय वन्यजीव संस्था, राजस्थान वनखाते आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालय यांचा हा उपक्रम. अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीचे तंत्रज्ञान त्यात आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. पिल्ले पुरेशी झाली तरी सोडायची कुठे, हा पुढचा प्रश्न आहे. नान्नज हे नाव त्या यादीत यावे असे वाटत असेल तर आधी जिरायतीचा दुवा परत जोडावा लागेल.

हवामानाचा लहरीपणा सोलापूरला नवा नाही. त्याची टोके मात्र आता वाढली आहेत. १९७२ आणि २०१२-१३चे दुष्काळ अजून लोकांच्या बोलण्यात असतात. २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे उपयुक्त पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरून वाहू लागले. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमेकाठाला पुराने झोडपले. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीने माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत शिरून उभी पिके आणि वरची माती दोन्ही नेली. सीना अहिल्यानगर जिल्ह्यातून येते. तिच्या पाणलोटात धाराशिवचाही भाग आहे. वरच्या जिल्ह्यात बांध, नाले, माळ यांचे काय झाले यावर खालच्या जिल्ह्यातला पूर ठरतो.

अशा जमिनीत पाणी जिरवायचे शास्त्र सोलापुरातच वाढले, हे विशेष. १९३३मध्ये येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. समतल बांध, उथळ नांगरट, पेरणीपूर्वी सऱ्या काढून ओल मुरवणे, विरळ पेरणी, या गोष्टी इथे मोजून-मापून सिद्ध झाल्या. पुढची जलसंधारणाची प्रत्येक लाट, मग ती जलयुक्त शिवार असो वा पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत श्रमदान करणारी बार्शी-सांगोल्याकडची गावे असोत, याच पायावर उभी आहे. मात्र एका गावाने चर खणून पाणी अडवले आणि शेजारच्या गावाने तेच पाणी पाचशे फुटांखालून उपसून उसाला दिले, तर भूजलाची पातळी जिथल्या तिथे राहते. पाणलोटाची हद्द ग्रामपंचायतीच्या हद्दीशी जुळत नाही, आणि भूजल तर डोळ्यांना दिसतही नाही. सोलापूरसह महाराष्ट्रातल्या निवडक जिल्ह्यांत राबवलेल्या अटल भूजल योजनेत गावांना पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवले गेले. ताळेबंद मांडणे सोपे; त्यानुसार ऊस कमी करणे कठीण.

उजनीच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, फुगवटा पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतही, पाणी येते सह्याद्रीतून आणि पुणे–पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून त्याच जलाशयात उतरते. फुगवट्याकाठच्या भिगवणच्या चिखलपट्ट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे पर्यटक. तिथल्या मच्छीमारांनी नावांतून सफरींचा व्यवसाय उभा केला. याच जलाशयातून सोलापूर शहर पाणी पिते. २०२१मध्ये इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय झाला, तेव्हा सोलापुरात आंदोलन पेटले आणि काही आठवड्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. वाद वाटपाचा झाला. ते पाणी कसल्या प्रतीचे आहे, फुगवट्यातली पाणथळ कशी राखायची, मच्छीमारांचा हक्क कोणता, हे विषय त्या गदारोळात कोणी काढले नाहीत.

भीमा सोलापूरला थांबत नाही. भीमाशंकरला उगम पावून ८६१ किलोमीटरचा प्रवास करून ती रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रातल्या हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात जाते. सोलापूरला समुद्र नाही, पण सोलापूरच्या पाण्याला किनारा आहे, आणि तो अरबी समुद्राचा नाही. त्या किनाऱ्यावरचा दिवीसीमा हा भाग १९ नोव्हेंबर १९७७च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केला. हजारो माणसे एका लाटेत गेली. नदीमुखाचा त्रिभुज प्रदेश नदीच्या गाळाने तयार होतो आणि गाळानेच टिकतो. जमीन स्वतःच्या वजनाने हळूहळू खचत असते. दरवर्षी नवा गाळ आला तर भरून निघते. नागार्जुनसागर, श्रीशैलम, आलमट्टी, उजनी अशी धरणे बांधली गेल्यावर गाळ त्यांच्या तळाशी बसू लागला आणि कृष्णेच्या मुखाशी पोचणारा गाळ फार मोठ्या प्रमाणात घटला. समुद्राची पातळी वाढते आहे आणि जमिनीची भर थांबली आहे. परिणामी कृष्णेच्या मुखाचे काही भाग समुद्र खात चालला आहे. कृष्णेच्या मुखाशी खारफुटीचे जंगल आहे, त्याला अभयारण्याचा दर्जाही आहे. वादळाची लाट आधी तेच झेलते. पण खारफुटीलाही मुळे रोवायला चिखल लागतो.

महाराष्ट्रात २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा, म्हणजे तलावाची क्षमता वाढते आणि हलक्या रानाला काळी माती मिळते. सोलापूरच्या मुरमाड जमिनीला तो गाळ सोन्यासारखा आहे. त्रिभुज प्रदेशातल्या कोळ्याच्या नजरेने पाहिले तर तो गाळ त्याचा होता. दोघांपैकी कोणाचा हक्क मोठा, हे इथे ठरवता येणार नाही. वरच्या पाणलोटात गवत आणि बांध टिकले तर मातीची धूप मुळातच कमी होते, धरण लवकर भरत नाही आणि पुराचा जोरही ओसरतो, एवढे मात्र दोघांच्याही हिताचे आहे.

किनाऱ्यावर भागीदारी कशी उभी राहते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण सिंधुदुर्गात आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा निधी यांच्या मदतीने गेल्या दशकात एक प्रकल्प दोन ठिकाणी चालला: सिंधुदुर्गचा किनारा आणि आंध्रातले गोदावरीचे मुख. मासेमारी, पर्यटन, शेती, बंदरे अशा प्रत्येक क्षेत्राच्या आराखड्यात सागरी जैवविविधतेला जागा द्यायची, ही कल्पना. सिंधुदुर्गात खेकडे आणि शिंपल्यांची शेती, कमी बियाण्यात भात, जाळ्यांच्या आसात बदल असे प्रयोग झाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने होडीतून कांदळवन दाखवण्याची सफर सुरू केली. खारफुटी तोडली तर सफर बंद पडते, म्हणून राखणदारी त्या महिलाच करतात. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२मध्ये स्थापन झाला होता, त्यामुळे या उपक्रमांना सरकारी पाठबळ मिळायला एक निश्चित दार होते. पुढे हरित हवामान निधीने २०१८मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनारी समुदायांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. किनाऱ्याला कांदळवन कक्ष आहे. गवताळ माळांसाठी महाराष्ट्रात तसा स्वतंत्र कक्ष नाही. तिथे वनविभागाचा नेहमीचा कर्मचारीच आग विझवतो, गवत मोजतो आणि पंचनामेही करतो.

कृष्णा खोऱ्याच्या पातळीवर तर संस्थांची कमतरता नाही. त्यांचे काम मात्र पाण्याच्या वाटणीपुरते आखलेले आहे. बच्छावत लवादाचा १९७६मध्ये राजपत्रित झालेला निवाडा महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी देतो. गाळाचा हिशेब त्यात नाही. २०१४च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याने कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ स्थापन झाले, पण त्याच्या कक्षेत फक्त आंध्र आणि तेलंगण येतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक बाहेर आहेत. त्यामुळे माढ्यातला ऊस उत्पादक, कर्नाटकातल्या इंडीचा भीमाकाठचा शेतकरी आणि हंसलदीवीचा मच्छीमार यांना एकाच नदीबद्दल बोलण्यासाठी आजघडीला एकच टेबल उपलब्ध आहे, ते म्हणजे न्यायालयाचे. आणि तिथे ते एकमेकांचे विरोधी पक्षकार असतात.